रिसीव्हर नेमका कधी बंद पडतो?

आतून ‘टक्’ असा आवाज येतो, डिस्प्ले विझतो आणि लाल दिवा मिचमिचायला लागतो. पुन्हा बटण दाबावं तर थोडा वेळ बरं चालतं, मग पुन्हा टक्. होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायरचा सेट, असा वागायला लागला की घरात पहिला प्रश्न ठरलेला: ‘कुठला पार्ट गेला असेल?’ हा प्रश्न इतक्यात विचारायचाच नाही. आधी पाहायचं, तो बंद कधी पडतो. चालू केल्या केल्या, आवाज वाढवल्यावर, अर्ध्या-पाऊण तासानं, की मनाला येईल तेव्हा? एवढं नीट कळलं तरी निम्मं निदान झालेलं असतं, आणि तोवर स्क्रू ड्रायव्हरला हातही लागलेला नसतो.

तो ‘टक्’ रिलेचा, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचचा आहे. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मधे हा रिले बसलेला असतो. रिसीव्हर चालू केला की आतली यंत्रणा तीन-चार सेकंद सगळं तपासते आणि ठीक असेल तरच रिले जोडून स्पीकरला आवाज सोडते. तिचं लक्ष मुख्यतः चार गोष्टींवर असतं: स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी (एकाच दिशेनं वाहणारी वीज) येतोय का, करंट हद्दीबाहेर जातोय का, हीटसिंक (उष्णता बाहेर सोडणारी धातूची पाती) किती तापलाय आणि आतले सप्लाय जागेवर आहेत का. ॲम्प्लिफायरला साधारण अधिक-उणे ४० ते ६० व्होल्टचा सप्लाय असतो. आउटपुटचा एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर तो सगळा डीसी सरळ स्पीकरमध्ये उतरतो आणि व्हॉइस कॉइल, म्हणजे त्याच्या आतली तारेची गुंडाळी, काही सेकंदांत जळते. ते होऊ नये म्हणून हा पहारा. तेव्हा बंद पडणारा रिसीव्हर बहुतेक वेळा आपलं काम चोख करत असतो. प्रोटेक्शनची वायर कापून ‘आता बंद पडणार नाही’ म्हणत सेट हातात देणारे महाभाग असतात. त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नये.

किरकोळ कारणं आधी बाजूला काढू. लाल दिवा मिचकत नाही, सेट शांतपणे स्टँडबायला जातो, असं असेल तर तो बिघाड नाही. ऑटो स्टँडबाय चालू असतो, स्लीप टायमर कुणीतरी लावलेला असतो, नाहीतर टीव्ही त्याला बंद करत असतो. एचडीएमआयच्या तारेतून टीव्ही आणि रिसीव्हर एकमेकांना हुकूम देतात. सॅमसंग त्याला ॲनीनेट प्लस म्हणतो, सोनी ब्राव्हिया सिंक, एलजी सिंपलिंक. टीव्हीच्या सेटिंगमधून ते एक दिवस बंद करून पाहायचं. तक्रार थांबली तर विषय संपला.

दिवा मिचकत असेल तर त्याची गती घड्याळ लावून मोजा. डेननच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये साधारण दोन सेकंदांनी मिचकणं म्हणजे सेट तापलाय, आणि अर्ध्या सेकंदानं मिचकणं म्हणजे स्पीकरची वायर शॉर्ट आहे किंवा आतला ॲम्प गेलाय. यामाहा सरळ डिस्प्लेवर स्पीकरच्या वायर तपासायला सांगतो, सोनीवर प्रोटेक्ट असे शब्द येतात. मॅन्युअलचं शेवटी असलेलं ‘ट्रबलशूटिंग’चं पान कुणी उघडत नाही, पण उत्तर पुष्कळदा तिथेच छापलेलं असतं.

आता खरी कसोटी. सेट बंद करून प्लग काढा, मागच्या सगळ्या स्पीकर वायर सोडवा, एचडीएमआय, अँटेना, लॅन सगळं काढा. फक्त वीज जोडून चालू करा, आवाज शून्यावर ठेवा आणि दहा मिनिटं पाहत बसा. रिले लागून सेट तसाच चालू राहिला, तर दोष बहुधा बाहेर आहे. काहीही जोडलेलं नसताना तीन-चार सेकंदांत बंद पडला, तर दोष आत आहे आणि पुढचं काम मेकॅनिकचं. सेट दुकानात उचलून न्यायच्या आधी ही कसोटी करायलाच हवी. नाहीतर रिसीव्हर सोलापूरच्या नवी पेठेत जातो, तिथे दुकानदाराच्या स्पीकरवर मस्त वाजतो, घरी आला की पुन्हा बंद, कारण शॉर्ट असलेली वायर घरीच राहिलेली असते.

वायरीचा एक सुटा तंतू शेजारच्या टर्मिनलला किंवा मागच्या पत्र्याला टेकला तरी एवढं पुरतं. टोक सोलताना १० ते १२ मिलीमीटरच सोलावं, तंतू घट्ट पिळावेत, आणि जमलं तर बनाना पिन लावाव्यात. स्वस्त वायर पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. टोक कापून तंतू आतून पाहा: पांढरा दिसला तर ॲल्युमिनियम. ती चार वेळा वाकवली की तंतू तुटून टर्मिनलमध्ये पडतात आणि तिथेच लपून बसतात. दहा मीटरच्या आत असेल तर १.५ चौरस मिलीमीटरची शुद्ध तांब्याची वायर पुरते, त्यापुढे २.५ घ्यावी.

भिंतीतली वायर तपासायला दोन्ही टोकं मोकळी करा, मल्टिमीटर सर्वांत मोठ्या ओहमवर ठेवा आणि दोन तारांमध्ये वाचन घ्या. मीटरनं ‘ओएल’ दाखवायला हवं, म्हणजे दोन तारा एकमेकींना कुठेच टेकलेल्या नाहीत. काही आकडा दिसला तर वायर कुठेतरी चिरडली आहे. पीओपीच्या छताचा स्क्रू, फोटोफ्रेमचा खिळा आणि उंदीर हे तीन नेहमीचे आरोपी. मग भिंतीतल्या वायरीशी झटापट करत बसू नये, नवी बाहेरून ओढावी.

नंतर स्पीकर. मीटर २०० ओहमवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर लावला तर ८ ओहमचा स्पीकर साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ६ ओहमचा ४ ते ५.५ आणि ४ ओहमचा ३ ते ३.६. छापील आकड्यापेक्षा कमी वाचन येणं रास्तच आहे, कारण मीटर फक्त डीसी रोध मोजतो. पण अडीचच्या खाली गेला तर तो स्पीकर रिसीव्हरला लावायचाच नाही. एक लबाड प्रकारही असतो: कॉइल थंड असताना वाचन बरोबर येतं, गरम झाली की आत शॉर्ट होते. तो पकडायला डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायर रिसीव्हरच्या बाजूनं, सेट बंद ठेवून, अदलाबदल करा. दोष स्पीकरबरोबर सरकला की स्पीकर गुन्हेगार. टर्मिनलपाशीच राहिला तर तो चॅनल, म्हणजे त्या टर्मिनलमागचा ॲम्प.

‘आवाज वाढवला की जातो’ ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि तिचा उलगडा बहुतेकदा साध्या गणितात असतो. ८ ओहमच्या स्पीकरला ८० वॅट द्यायला साधारण २५ व्होल्ट आणि ३.२ ॲम्पियर लागतात. तेवढ्याच व्होल्टला दोन ८ ओहमचे स्पीकर समांतर जोडले की भार ४ ओहमचा होतो, करंट ६.३ ॲम्पियरवर जातो आणि वॅट १६० होतात. हॉलमध्ये दोन, गच्चीवर दोन, सगळे एकाच टर्मिनलला, असं जोडलं की काय होणार ते उघड आहे. त्यातून कुणी गाडीतला ४ ओहमचा वूफर घरच्या लाकडी बॉक्समध्ये बसवून रिसीव्हरला लावतो, तोही दोन-दोन. हलगीचा ठेका पडला की करंटची उसळी येते आणि सेट बंद. बासचा नॉब हाही छुपा खर्च आहे: बास ६ डेसिबलनं वाढवला की त्या पट्ट्यात चौपट शक्ती लागते, १० नं वाढवला की दहापट.

खोक्यावर ‘दर चॅनल १०० वॅट’ छापलेलं असतं, ते बहुधा एकच चॅनल चालवून, एकाच सुरावर मोजलेलं असतं. पाचही चॅनल एकदम ओढले की पॉवर सप्लाय तेवढं देऊ शकत नाही. काही सेटमध्ये इम्पीडन्सचं, म्हणजे स्पीकरच्या ओहमचं सेटिंग असतं. ते ४ किंवा ६ वर ठेवलं की रिसीव्हर ताकदवान होत नाही, आतला व्होल्टेज किंवा करंट आवरला जातो आणि सेट कमी तापतो. खरा उपाय वेगळा पॉवर ॲम्प किंवा स्वतःचा ॲम्प असलेला सबवूफर. फ्रंट स्पीकर ‘स्मॉल’वर ठेवून ८० हर्ट्झच्या खालचा भार त्या सबवूफरकडे सोपवला की रिसीव्हर मोकळा श्वास घेतो.

अर्ध्या-पाऊण तासानं बंद पडणारा सेट तापमानानं जातो, आणि सोलापुरात हा प्रकार वेगळ्या मापानं मोजावा लागतो. बऱ्याच रिसीव्हरच्या मॅन्युअलमध्ये वापराचं तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे सहज जातो, आणि स्लॅबच्या घरात संध्याकाळी सातलाही भिंती निखाऱ्यासारख्या धगधगत असतात. म्हणजे रिसीव्हर चालू होण्याआधीच कंपनीची हद्द ओलांडलेली असते. त्यात तो शोकेसच्या काचेच्या दारामागे, वर सेट-टॉप बॉक्स, त्यावर राऊटर, आणि धूळ नको म्हणून सगळ्यावर टॉवेल. सात चॅनलचा रिसीव्हर गाणं न वाजवताही ५० ते ८० वॅट खातो आणि त्यातला जवळपास सगळा उष्णतेत जातो. बंद काचेच्या कपाटात तेवढ्या वॅटचा बल्ब लावून ठेवण्याचाच हा प्रकार.

निदान सोपं आहे: दार काढा, वरचं सगळं सामान हटवा, टेबलफॅनचं तोंड सेटकडे करा आणि रोजचाच सिनेमा लावा. पूर्ण सिनेमा संपला तर दुसरं काही शोधू नका. मॅन्युअल्स सेटच्या वर १० ते ३० सेंटीमीटर आणि बाजूंना, मागे १०-२० सेंटीमीटर जागा मागतात. ती नाटकं नव्हेत. जागा नसेल तर संगणकाचा १२० मिलीमीटरचा, १२ व्होल्टचा पंखा सेटच्या वरच्या जाळीवर ठेवा, हवा वर ओढेल अशा दिशेनं. १२ व्होल्टवर तो घरघरतो, म्हणून ७ ते ९ व्होल्टचा ॲडाप्टर लावावा. पंखा हळू फिरला तरी पुरतो, कारण गरम हवा स्वतःच वर जायला बघते, तिला फक्त वाट हवी असते. हवा खाली ढकलणारा पंखा मात्र काम बिघडवतो.

धुळीचीही इथे वेगळी जात आहे. पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारच्या घरांत, सुताचा बारीक भुगा हवेत तरंगत असतो. तो हीटसिंकच्या पात्यांमध्ये अडकतो, त्यावर काळ्या मातीची धूळ बसते आणि पात्यांवर नमद्यासारखा थर चढतो. बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही. प्लग काढून सेट निदान एक तास तसाच ठेवा, वरचं झाकण उघडा, आणि रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश पात्यांतून वरून खाली फिरवा. भुगा सुटला की ब्लोअरनं बाहेर उडवा, पण आतला पंखा असेल तर तो बोटानं धरून ठेवा. वाऱ्यानं गरगर फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. झाकण उघडल्यावर दोन मोठे कॅपॅसिटर दिसतील, त्यांना हात लावायचा नाही. ते बऱ्याचदा १०,००० मायक्रोफॅरडचे असतात आणि प्लग काढल्यावरही ५०-६० व्होल्ट धरून बसू शकतात. मेकॅनिक ते १०० ओहम, १० वॅटच्या रेझिस्टरनं उतरवतो. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणारा मेकॅनिक असेल तर आपला सेट उचलून घरी आणलेला बरा. आत मेलेली पाल किंवा मुंग्यांची वसाहत निघाली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. उबदार जागा त्यांनाही आवडते, आणि त्यांच्यामुळे बोर्डावर शॉर्ट होतात.

आता ‘मनाला येईल तेव्हा’ बंद पडणारा सेट. इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात, कारण लोक थेट बोर्ड बदलायला निघतात. आधी एक पाहा: बंद पडताना दिवा मिचकतो, की लाइट गेल्यासारखा सगळा डिस्प्ले काळा होतो? सेट-टॉप बॉक्सही त्याच क्षणी रीस्टार्ट होतो का? होत असेल तर दोष विजेत आहे.

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटारी पाच मिनिटांच्या आत सुरू होतात. सुरू होताना मोटर चालू करंटच्या पाच ते सात पट करंट क्षणभर ओढते. एकाच फेजवर अशा दहा-बारा मोटारी म्हणजे व्होल्टेजचा खड्डा. घरातल्या घरात बोअरच्या मोटारीनं किंवा जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरनंही हेच होतं. रिसीव्हरचा ॲम्प या खड्ड्यातून निभावून नेतो, पण मायक्रोप्रोसेसरला वीज गेल्यासारखं वाटतं आणि तो सेट खाली उतरवतो. पाण्याच्या दिवशी, पाण्याच्या वेळेला सेट बंद पडत असेल तर कॅलेंडर हेच मल्टिमीटर समजा.

नियमाप्रमाणे घरगुती २३० व्होल्ट ६ टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ च्या मधे असायला हवेत. सॉकेटात बसणारा आकडे दाखवणारा व्होल्टमीटर काहीशे रुपयांत मिळतो. तो शेजारच्या सॉकेटात आठवडाभर ठेवा आणि सेट बंद पडला की आधी त्याच्याकडे बघा. आकडा १८०-१९० च्या घरात जात असेल तर स्टॅबिलायझर घ्या. तो टीव्हीसाठी मिळणारा छोटा नको, रिसीव्हरच्या मागे लिहिलेल्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा, साधारण १ केव्हीएचा. आकडा उलट २६०-२८० दाखवत असेल आणि बल्ब जास्तच उजळत असतील, तर मेन स्विच पाडा आणि वायरमनला बोलवा. न्यूट्रल सैल झाला की दोन फेजमध्ये व्होल्टेज असंच नाचतं, आणि त्याला स्टॅबिलायझर हा उपाय नव्हे. स्पाइक गार्डची ढिली पिन हेही नेहमीचं कारण. प्लग हलवून पाहताना चरचर आवाज आला तर तो बोर्ड फेकून द्या आणि रिसीव्हर सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावा.

दोन जोडण्यांवर आधीच संशय घ्यावा. एक, चौकोनी तरंगाचा जुना इन्व्हर्टर. त्यावर रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो, म्हणून साइन वेव्हचाच हवा. दुसरी, अमेरिकेहून मुलानं आणलेला १२० व्होल्टचा सेट आणि त्याला लावलेला २०० वॅटचा स्टेपडाउन. सेट ५०० वॅट मागतो, कन्व्हर्टर तितका देत नाही, बास आला की व्होल्टेज कोसळतं. तिथे निदान १००० वॅटचा, खरा गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर लागतो. वळवाच्या दिवसांत, विजा कडाडायला लागल्या की प्लगबरोबर केबलची आणि लॅनची वायरही काढून ठेवावी. एचडीएमआयचे बोर्ड बहुधा त्या वाटेनं जातात, मेनच्या वाटेनं नव्हे.

उरला आतला बिघाड. आत ३२५ व्होल्टपर्यंतचा डीसी असतो, तेव्हा हे काम जाणत्या हातानंच करावं. पण दुकानात काय चाललंय ते कळायला हवं. चांगला मेकॅनिक सेट सरळ मेनला लावत नाही. सिरीज बोर्डावर, १०० वॅटच्या पिवळ्या बल्बमधून लावतो. चालू करताच बल्ब एकदा झळकतो, कारण कॅपॅसिटर भरतात, आणि मग मंद होतो. झळकला तो तसाच पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि बल्बनं करंट आवरून धरल्यामुळे नव्यानं काही जळत नाही. मग तो मीटर डायोडवर ठेवून आउटपुटचे ट्रान्झिस्टर एकेक तपासतो: बेस-एमिटरमध्ये ०.५ ते ०.६ दिसलं तर ठीक, ०.०० वर बीप वाजली तर गेला. ट्रान्झिस्टर एकटा सहसा जात नाही. त्याच्यासोबत जोडीदार, ड्रायव्हर आणि ०.२२ ओहमचा सिमेंटचा एमिटर रेझिस्टरही जातो. फक्त मेलेला तेवढा बदलला तर दुरुस्ती पहिल्या तासातच परत येते. टोशिबाच्या ५२०० आणि १९४३ या ट्रान्झिस्टरच्या जोडीचे नकली माल बाजारात भरपूर आहेत, म्हणून पार्ट कुठून आणला ते विचारायला संकोच नको. नवा बसवताना खालचा अभ्रकाचा तुकडा शाबूत हवा आणि पेस्टचा थर पातळ हवा. जाड थर उष्णता अडवतो.

ट्रान्झिस्टर सगळे ठीक असूनही सेट जात असेल तर गरम रेग्युलेटरच्या पायांभोवती सोल्डरला बारीक गोल चीर शोधतात आणि तिथे नवा डाग देतात. स्टँडबाय सप्लायचे छोटे कॅपॅसिटर फुगलेले आहेत का तेही पाहतात. बदलताना १०५ अंशांचेच घालावेत, सोलापूरच्या उन्हाळ्यात ८५ वाले फार टिकत नाहीत. याला फार पैसे लागत नाहीत. महाग पडतो तो घाईनं बदललेला मेन बोर्ड.

सेट परत घेताना स्पीकरशिवाय प्रत्येक टर्मिनलवरचा डीसी आपल्यासमोर मोजून घ्या. ५० मिलीव्होल्टच्या आत असावा, १०० च्या पुढे असेल तर सेट घेऊ नका. झाकण लावून, स्पीकरच्या भारावर, तासभर वाजवायला सांगा. उघड्या झाकणानं टेबलावर सगळेच सेट चालतात. काढलेले जुने पार्ट मागून घ्या. आत डीसीचा दोष निघाला असेल तर घरी आल्यावर स्पीकरही पुन्हा मीटरवर पाहा, कारण त्या आधीच्या दोन-चार ‘टक्’मध्ये एखादी कॉइल होरपळलेली असू शकते. पहिल्या संध्याकाळी फक्त पुढचे दोन स्पीकर, नव्या वायरीवर. सेंटर दुसऱ्या दिवशी, मागचे त्यानंतर, आणि सेट पुन्हा बंद पडला तर शेवटी जोडलेलं काय होतं तेवढंच सोडवून पाहायचं.